स्वतःची बचत : निरंक

३ जून

बबीच्या बाबांना,

नमस्कार. कुरिअरवाला अर्ध्या किलोपर्यंत एकच दर लावतो आणि फॉर्मच्या कागदांचं वजन त्याच्या पावही भरत नाही, म्हणून ही चिठ्ठी आत घातली आहे. फोनवर तुमच्याशी बोलायची सोय राहिलेली नाही. मी विचारते, तुम्ही "हं" म्हणता, मागे खोलीतलं कोणीतरी खोकतं आणि तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणून मोकळे. नऊ वर्षांत तुम्ही जेवढं बोललात तेवढं आपला दूधवाला महिन्याभरात बोलतो.

मी पाच कागद मागितले होते. आले दोन. त्यातला एक तुमच्या लाँड्रीच्या ओळखपत्राची झेरॉक्स, तिच्यात तुम्ही शाईत बुडालेले. दुसरा कागद विजेच्या बिलाचा, तोही तुमच्या नावाचा नाही. खोलीत सात जण राहता, सातांपैकी नेमकं ज्याच्या नावावर बिल आहे त्याला मी ओळखतही नाही. त्याच्याकडे पाहुणी म्हणून जाऊ का?

इथे फॉर्म भरून देणारे एक भाऊ आहेत, कोर्टाच्या मागे टेबल टाकून बसतात. जाड चष्मा, कारकुनीतून निवृत्त. ते म्हणाले, "काकू, भेटीच्या व्हिसाला दोनच गोष्टी बघतात. बाई तिकडे जाऊन खाणार कोणाचं, आणि परत येणार का." तर खाणार तुमचं, हे कागदावर सिद्ध करायचं आहे. परत लिहिते, या वेळी भिंतीला चिकटवून ठेवा:

दोन महिने माझ्या राहण्याखाण्याचा आणि औषधपाण्याचा खर्च तुम्ही करणार, असं तुमच्या सहीचं पत्र. पगाराच्या तीन स्लिपा. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट. राहत्या जागेचा कागद, तुमचं नाव असलेला. लग्नाचा दाखला माझ्याकडे आहे, तो मी कधीच हरवला नाही.

बबी म्हणते, "आई, एवढी कटकट करून दोन महिन्यांसाठी कशाला जातेस?" तिला काय सांगू. डिसेंबरात तुमचा करार संपतो. तुम्ही म्हणता, आणखी तीन वर्षांवर सही करतो. अठ्ठावन्न वय झालं तुमचं. बबीच्या लग्नाला येऊन गेलात त्यालाही साडेतीन वर्षं झाली. सही करायच्या आधी मला तुम्हाला एकदा डोळ्यांनी बघायचं आहे, बस. मग करायची तर करा.

बबीची आई

२४ जून

बबीच्या बाबांना,

स्लिपा मिळाल्या. त्या तुम्ही मला का पाठवत नव्हता ते आता कळलं.

"कंपनी जेवण देते" असं कोण सांगत होतं इतकी वर्षं? स्लिपेवर छापलंय, जेवणाची कपात. त्याच्याखाली खाटेची कपात. खाटेची! माणसाने कोणाच्या कपड्यांना इस्त्री करायची, रोज हजार चादरी त्या गरम रुळातून काढायच्या, आणि रात्री स्वतः भाड्याच्या खाटेवर झोपायचं? आणि तिसरी एक कपात आहे ती मला वाचता आली नाही. ती कसली ते कळवा.

मी मॅट्रिक झालेली बाई आहे, मला वजाबाकी येते. हातात येतात त्यातल्या शंभरातले नव्वद तुम्ही इकडे धाडता. उरलेल्या दहात माणूस दाढी करेल आणि साबण आणेल, संपलं. आणि विचारलं की "मजेत आहे". सोबतच्या फोटोत तुमची मान कॉलरमधून अशी बाहेर आलीय की शर्ट दुसऱ्याचा वाटतो. दुसऱ्याचा आहे का?

भाऊंनी स्टेटमेंट बघितलं आणि चष्मा कपाळावर नेला. "काकू, पाच तारखेला पगार येतो, सहाला जातो. महिनाभर खातं कोरडं ठणठणीत. हे गृहस्थ बायकोचा खर्च करणार तो कशाने?"

"जातो कुठे? इकडेच येतो," मी म्हटलं.

"मग तुमच्याकडे असतील की! ते दाखवू."

"घर चालतं त्यात. काय लागत नाही घराला?"

त्यांनी स्टेटमेंटची घडी घातली. मग म्हणाले, "साहेबाला आकडा आवडतो, माणूस नाही. काकांना सांगा, खात्यात थोडे राहू द्या."

तर सांगते. पुढचे दोन महिने पैसे पाठवू नका. खात्यात राहू द्या. मी भागवीन कसंतरी. आणि जेवा.

बबीची आई

१७ जुलै

बबीच्या बाबांना,

तुम्हाला मी पैसे राहू द्या म्हटलं होतं. उसने घ्या म्हटलं नव्हतं.

नवीन स्टेटमेंट बघून भाऊंनी हात टेकले. आठ तारखेला तीन माणसांकडून तीन मोठ्या रकमा, एकाच सकाळी, पंधरा मिनिटांत. खोलीतल्या तिघांनी टाकले ना? आणि सहा तारखेला तुम्ही नेहमीसारखे मला पाठवलेतच! म्हणजे स्वतःचे घालवायचे आणि लोकांचे दाखवायचे. तुमच्या या डोक्याला काय म्हणावं मला कळत नाही. मी सांगितलं त्याच्या बरोब्बर उलटं करण्यात तुमची हयात गेली.

वर तुमची चिठ्ठी. "तुला घरात अडचण नको म्हणून पाठवले. हे पुरे?"

नाही पुरे. पण मुलाखतीची तारीख मिळाली होती आणि ती पुन्हा मिळायला दोन महिने लागतात, म्हणून भाऊ म्हणाले देवाचं नाव घ्या आणि अर्ज द्या. देवाचं नाव मी घेतेच, पण अशा कामाला घ्यायला मला आवडत नाही.

फॉर्म सतरा पानांचा. आजोबांच्या जन्मगावापासून सगळं. एक रकाना "अर्जदाराची स्वतःची बचत". भाऊंनी विचारलं, मी म्हटलं, निरंक. त्यांनी लिहिलं. शेवटी "वरील सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे सत्य आहे", त्याखाली माझी सही. फॉर्मची एक प्रत तुम्हालाही येणार आहे.

व्हिसाच्या ऑफिसात काचेमागे एक बाई होती. आपली भाषा बोलायची, पण तुकडे तुकडे करून. "तुमचे खर्च कोण?" "माझे यजमान." "त्यांच्याकडे हे पैसे अचानक कसे?" मी काय सांगणार? म्हटलं, "कष्टाचे आहेत." कष्टाचे आहेत हे खोटं नाही, फक्त कोणाच्या कष्टाचे ते मी बोलले नाही.

आता त्या तिघांचे परत करा. आजच.

बबीची आई

८ ऑगस्ट

नाकारला.

पत्र दोन परिच्छेदांचं आहे. पहिला तुमच्यावर: निमंत्रकाच्या खात्यातील रकमांचा स्रोत समाधानकारक नाही. दुसरा माझ्यावर: अर्जदाराकडे स्वतःचे कोणतेही साधन नाही, मालमत्ता नाही, उत्पन्न नाही, त्यामुळे ती ठरल्या वेळी मायदेशी परतेल याची खात्री वाटत नाही.

म्हणजे मी तिकडेच राहून जाईन अशी त्यांना भीती. सात माणसांच्या खोलीत, भाड्याच्या खाटेवर! त्या काचेमागच्या बाईला एकदा आपला स्वयंपाकघराचा ओटा दाखवायला हवा होता. तो सोडून मी बहिणीकडे दोन रात्री राहत नाही.

फी गेली. ती परत मिळत नाही.

काल तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "जाऊ दे. नसेल योग. मी सही करून टाकतो, तीन वर्षं काय, निघून जातात." नंतर म्हणालात, "निदान तुला ओढाताण नको."

फोन ठेवल्यावर मी भांडी घासायला घेतली आणि घासलेलीच परत घासली. तुमच्यावर चिडायला मला एरवी काही कष्ट पडत नाहीत. काल मात्र चिडता येईना, त्याचाच संताप आला.

सही करू नका. माझं पुढचं पत्र येईपर्यंत थांबा. ऐकताय ना? काही झालं तरी सही करू नका.

११ ऑगस्ट

बबीच्या बाबांना,

खोलीत कोणी असेल तर बाहेर जाऊन वाचा.

माझ्याकडे अकरा लाख चाळीस हजार आहेत.

हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले, आता पुढचं भराभर लिहिते. पैसे माझ्या एकटीच्या नावावर आहेत. सहा मुदत ठेवी आणि एक खातं. पासबुक पोथीच्या फडक्यात बांधलेलं असतं. रोज त्याला नमस्कार होतो, कशाला होतो ते देवाला ठाऊक.

कुठून आले? तुमचेच आहेत. पाच-सहा तारखेला आले की आधी बाजूला काढायचे, आणि उरलेत तेवढेच आले असं समजून घर चालवायचं. बाजार उठता उठता भाजी घ्यायची. साबणाच्या चिपा एकत्र दाबून नवीन वडी करायची. बसचे दोन थांबे चालत. बबीच्या लग्नानंतर मी एक साडी घेतलेली नाही, आणि माझं काही अडलं नाही. एकेक पै नऊ वह्यांत लिहिलेली आहे.

आणि सांगितलं का नाही? याला तुमचे धाकटे भाऊ जबाबदार आहेत, आणि त्यांच्याआधी तुम्ही. पहिल्या वर्षी मी हौसेने सांगितलं, बघा, एवढे शिल्लक पडले. तुमच्या पोटात ते आठ दिवस राहिलं नाही. भाऊजी दारात हजर. "वहिनी, दादा म्हणाला तुझ्याकडे आहेत." त्यांचा टेम्पो आला, टेम्पो विकलाही, आपले पैसे अजून रस्त्यातच आहेत. त्या दिवशी मी देवापुढे ठरवलं, शिल्लक कोणाला सांगायची नाही. कोणाला म्हणजे तुम्हालाच, कारण तुम्हाला सांगितलं की सगळ्यांना सांगितलं.

खोटं बोलले नाही, फक्त सांगितलं नाही, असं मी देवाला इतकी वर्षं समजावत आले. पण त्या फॉर्मवर निरंक लिहवलं. का, तर प्रत तुम्हाला जाणार होती. आणि खाली खरं म्हणून सही केली. तेव्हापासून जपाला बसले की माळ मध्येच थांबते. कितवा मणी ते आठवत नाही. माझा हिशोब कधी चुकत नसतो.

भाऊंना काल सांगितलं. त्यांनी जुन्या फॉर्मची प्रत काढून तो रकाना बघितला. मग, "काकू, मी चाळीस वर्षं सरकारात होतो. असा निरंक बघितला नाही."

"होईल का काही?"

"होईल. पण मागच्या फॉर्मात शून्य आणि आता एवढे, हे कुठून आले ते लिहून द्यावं लागेल. का लपवले तेही. आणि पैसे मुळात काकांचे, तेव्हा मला हे माहीत आहे आणि माझी हरकत नाही, अशी त्यांची सही लागेल."

"त्यांना न कळवता नाही होणार?"

त्यांनी चष्मा काढला. "त्यांनाच भेटायला चाललाय ना तुम्ही?"

खुलाशाचा कागद सोबत आहे. खाली तुमच्या सहीची जागा पेन्सिलीने दाखवली आहे. या वेळी निमंत्रण तुमचं, खर्च माझा. रागवायचं असेल तर आधी सही करा, कागद कुरिअरला द्या, आणि मग रागवा.

बबीची आई

२ सप्टेंबर

बबीच्या बाबांना,

कागद आला. सही नीट आहे, जागेवर आहे. पाठीमागे तुम्ही एकच शब्द लिहिलाय. "कधीपासून?"

पहिल्या वर्षापासून बाजूला काढत आले, ते मागच्या पत्रात लिहिलं आहेच.

नाही. तुम्ही ते विचारलेलं नाही. मला कळतंय काय विचारलंय. दोन दिवस तुम्ही दुसरंच काहीतरी विचारलंय असं मी समजायचा प्रयत्न करत होते.

जाताना तुम्ही बोलला होता, घराचं कर्ज फिटलं, बबी मार्गी लागली आणि वर आठ लाख हातात आले की एक दिवस जास्त राहणार नाही. कर्ज पाचव्या वर्षी फिटलं. बबीचं लग्न झालं. वही बघून लिहिते, आठ लाख पुरे झाले ते तीन वर्षांपूर्वी, एकोणीस नोव्हेंबरला. गुरुवार होता.

त्याच्या पुढच्या रविवारी तुमचा फोन आला. तो तुम्हाला आठवत असेल, मला तर शब्दन् शब्द आठवतो. तुम्ही म्हणालात, "करार संपतोय. सांग, येऊ का? पुरतं का आपल्याला?"

मी म्हटलं, "कसलं पुरतंय."

तुम्ही "हं" म्हणालात. डिसेंबरात सही केलीत.

म्हणजे ही तीन वर्षं सरळ माझ्या नावावर लिहा. भाऊजींच्या नाही, महागाईच्या नाही. मी तशी का बोलले याची कारणं मी गेले दोन दिवस जमवतेय. आठ झाले तेव्हा वाटलं, एखादं आजारपण आलं तर? नऊ होऊ दे. नऊ झाले, तर दहाचा आकडा पुरा दिसतो. पैसे कमी पडायची भीती असते ना, ती पैसे वाढले तरी तेवढीच राहते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

हे एक. दुसरंही आहे. देवापुढे बसून लिहितेय म्हणून लिहिते. माझ्या वेळेला उठायचं, माझ्या हाताने दार लावायचं, एक पोळी करायची की दोन हे कोणाला विचारायचं नाही, ते मला आवडायला लागलं होतं. तुम्ही नको होता असं नाही. पण घाई नव्हती.

तुम्ही तिकडे चादरी काढत होता आणि मला घाई नव्हती. आता याच्यापुढे माझ्याकडे लपवायला काही नाही. तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. एक शब्दाहून जास्त लिहा. शिव्या द्या. तुम्ही कधी दिल्या नाहीत, हाही तुमचा एक त्रासच आहे.

१४ ऑक्टोबर

बबीच्या बाबांना,

व्हिसा मिळाला. साठ दिवसांचा.

काचेमागे तीच बाई होती. नऊच्या नऊ वह्या नेल्या होत्या. तिने मधलीच एक उघडली, उलटी धरली, सरळ केली. "हे तुम्ही लपवले. नवऱ्याला आता माहीत?"

"हो."

"काय म्हणाले?"

"एकच शब्द."

तिने काहीतरी लिहिलं आणि वह्या खिडकीखालून परत सरकवल्या. पुढच्याचा नंबर पुकारला. एवढंच. यासाठी मी पाच महिने जिवाचा आटापिटा केला.

माझ्या मागच्या पत्राला सहा आठवडे झाले. तुमचं उत्तर नाही. फोन नाही. बबीला तेवढा निरोप जातो, "ठीक आहे." ती मला विचारते, "बाबा असे का गप्प?" मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकलं आणि दोन दिवस तीही माझ्याशी बोलली नाही. बरोबर आहे तिचं.

या महिन्यात पैसे सहाला आले. नेहमीच्या निम्मेच. नऊ वर्षांत पहिल्यांदा. पूर्वी शंभर जरी कमी आले तरी मी त्याच दिवशी फोन करून तुमचं डोकं खात असे. या वेळी वहीत आकडा लिहिला आणि कारणाचा रकाना मोकळा सोडला. तुम्ही काही खाल्लं असेल, शर्ट घेतला असेल. की माझ्यावरच्या रागाने ठेवले? रागाने ठेवले असतील तरी चालेल. स्वतःकडे ठेवलेत ना. पुढच्या महिन्यात एक पैही पाठवू नका.

डिसेंबरच्या सहीचं मी काही सांगणार नाही. तुमची सही, तुम्ही ठरवा. तुमचा तीन वर्षांपूर्वीचा प्रश्न तेवढा माझ्याकडे पडून आहे, त्याचं उत्तर देते. पुरतं. आपल्याला पुरतं. तुम्ही आलात तर दोघांना पुरतं, आजारपण धरून. आकडेमोड सोबतच्या कागदावर आहे, तपासून बघा. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका म्हणूनच कागद जोडलाय.

माझं विमान सव्वीस तारखेचं, दुपारी सव्वातीनला उतरतं. परतीचं तिकीट काढलेलं आहे, त्याशिवाय सोडत नाहीत. ते एकाचं आहे. दुसरं लागलं तर तिथून काढता येतं, मी विचारून ठेवलंय. सामान एकच बॅग. तिथली भाषा मला येत नाही, आणि भाऊ म्हणाले बाहेर पडायचे दरवाजे चार आहेत. मी दोन नंबरच्या दरवाजातून येईन.

रागावलेले असाल तर रागावलेलेच या. चारचौघांत बोलायचं असेल तर मोठ्याने बोला, तिथे कोणाला काही कळणार नाही, मला तेवढं कळेल. नाही बोललात तर बाजूला बसून राहीन, साठ दिवस आहेत. फक्त दोन नंबरच्या दरवाजाशी उभे राहा. तुम्ही तिथे नसलात तर कोणाला काय विचारायचं, हे मला कोणत्याही फॉर्मात लिहिलेलं सापडलं नाही.

बबीची आई